शाळिग्रामाच्या माहेरी: परदेशी यात्रेची धास्ती वाटणाऱ्यांसाठी

पहिल्या वेळी मी नेपाळातल्या मुक्तिनाथला गेलेच नाही. तिकीट काढलेलं होतं, बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती, तुळशीला पाणी घालायचं शेजारच्या वहिनींना सांगूनही झालं होतं. निघायच्या आदल्या रात्री अडीच वाजता छाती धडधडायला लागली, तळव्यांना घाम फुटला. उजाडल्यावर मी यजमानांना म्हटलं, "अहो, माझ्याच्यानं नाही होणार." आमच्या भजनी मंडळातल्या बाकीच्या सगळ्या गेल्या. मी इंदूरला राहिले आणि पंधरा दिवस देवघरासमोर बसले की डोळे भरून यायचे. देवानं बोलावलं आणि मी घाबरून नाही म्हटलं, असंच वाटत राहिलं.

पुढच्या वर्षी गेले. त्यानंतर आणखी दोनदा. आता मंडळातलं कोणी नेपाळला निघालं आणि आतून हादरलेलं असलं, तर ते संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतं. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमानं लिहिते आहे. काठमांडूचा पशुपतिनाथ आणि वरचा मुक्तिनाथ ही यात्रा डोळ्यांपुढे ठेवली आहे, कारण पासपोर्ट नसतानाही करता येण्यासारखी आणि आपल्या देवघराशी थेट जोडलेली परदेशातली यात्रा हीच.

आधी एक गैरसमज काढून टाका

"श्रद्धा असती तर भीती वाटली असती का?" हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात, जणू गुन्हा कबूल करत आहेत. कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या तोंडाला कोरड पडली, अंगाला कापरं भरलं, हातातून धनुष्य गळालं. तेव्हा देव त्याच्या रथावर, हाताच्या अंतरावर होता. देव इतका जवळ असूनही माणूस थरथरतो. अर्जुनाला देवानं रथातून उतरवून घरी पाठवलं नाही, त्याच्याशी बोलत राहिला. भीती आणि श्रद्धा एकाच छातीत राहू शकतात. भीती संपेल मग निघू, अशी वाट पाहत बसलात तर निघणं होणार नाही.

पहिली पायरी: धास्ती कागदावर उतरवा

जुन्या दिनदर्शिकेच्या पानाची कोरी बाजू घ्या आणि नेमकं काय होईल असं वाटतं ते लिहा. "भीती वाटते" एवढंच लिहून भागणार नाही. पंढरीनाथाच्या देवळाजवळ राहणाऱ्या बहात्तर वर्षांच्या एका आजींनी मला सांगितलं होतं, "विमानाचं काही नाही गं मला. घाटात बस तीन तास थांबली नाही, तर मी काय करू?" ती खरी भीती होती, आणि तिच्यावर उपाय होता. चालकाला आधी सांगणं, पुढची जागा मागून घेणं, पाण्याचं प्रमाण ठरवणं. तोवर त्या घरात सगळ्यांना "मला उंचीची भीती वाटते" एवढंच सांगत होत्या, कारण खरं सांगायला संकोच वाटत होता.

यादी झाली की दोन ढीग करा. एक माझ्या हातातला: कागदपत्रं, औषधं, विमा, शौचालय, खाणं, हरवणं. दुसरा माझ्या हाताबाहेरचा: हवामान, दरड, विमान रद्द होणं, आयुष्याची दोरी. पहिल्या ढिगातलं प्रत्येक काम निघण्याआधी पुरं करायचं. दुसरा ढीग रोज संध्याकाळी दिवा लावताना देवापुढे ठेवायचा, मोठ्यानं, एकेक नाव घेऊन. पहिल्या ढिगातलं काम देवावर टाकू नका आणि दुसऱ्या ढिगातली काळजी स्वतः वाहू नका. माझी धडधड ज्या रात्री झाली, त्या रात्री मी हे दोन्ही उलटं केलं होतं. विमा काढला नव्हता, आणि मुक्तिनाथच्या वाटेवरच्या जोमसोम विमानतळावरच्या वाऱ्याचा विचार करत जागी होते.

दुसरी पायरी: सव्वा महिना आधी नेम धरा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

परक्या गावात आपली माणसं, आपलं अंथरूण, आपली सकाळ सुटते आणि पायाखालची जमीन सरकते. नेम मात्र पिशवीतून नेता येतो. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेला जप, ठरलेल्या संख्येनं. सव्वा महिना चुकवायचा नाही. मोठा नेम घेऊ नका, एक माळ पुरे. अट एकच: तो देवघरावाचून करता आला पाहिजे. समई हवी, पाट हवा, सोवळं हवं असा नेम हॉटेलच्या खोलीत पहिल्याच दिवशी मोडतो, आणि नेम मोडला या अपराधानं धास्ती दुप्पट होते. मी तेरा अक्षरी राममंत्र घेतला, 'श्रीराम जय राम जय जय राम'. सावकाश म्हटला तर एका उच्छ्वासात पुरा बसतो, मग श्वास आपोआप आत येतो. तुमच्या घरात दत्ताचं नाव असेल, विठ्ठलाचं असेल, कुलदेवीचं असेल, तेच घ्या. यात्रेसाठी नवा देव शोधू नका.

याला शरीराचीही साथ आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींमध्ये श्वास मिनिटाला साधारण सहा इतका संथ झाला, आणि रक्तदाब सावरणारी शरीरातली यंत्रणा जास्त चांगली चालू लागली. त्या अभ्यासात रामनाम नव्हतं. पण संथ लयीत, लांब उच्छ्वासात नाव घेणं ही रीत तीच आहे. आणि 'ॐ मणि पद्मे हुं' कोरलेली, हातानं फिरवायची प्रार्थनाचक्रं मुक्तिनाथच्या वाटेवरच तुम्हाला भेटतील.

नेम घरात बसला की त्याला बाहेर न्या. आपल्या इंदूरला यासाठी फार सोय आहे.

पहिल्या आठवड्यात देवघरासमोर. दुसऱ्या आठवड्यात बुधवारच्या गर्दीत खजराण्याच्या गणपतीला जा आणि रांगेत उभं राहून माळ पुरी करा. धक्के लागतील, मूल रडेल, घंटा वाजेल, तरी करा. पुढे एकदा उज्जैन, साधारण पंचावन्न किलोमीटर, बसनं जाऊन त्याच दिवशी परत. मग ओंकारेश्वर, पण तिथे एक रात्र मुक्काम करायचा. परकं अंथरूण, परकी न्हाणी, सकाळी उठल्यावर "मी कुठे आहे" असं वाटणारा तो क्षण, सगळ्याची तालीम तिथेच होते. ओंकारेश्वराला नर्मदेवरच्या झुलत्या पुलावरून जप करत चाला. नेपाळच्या डोंगरात असे पूल जागोजाग आहेत. आमच्यातल्या एक काकू पहिल्या दिवशी पुलाच्या तोंडाशीच बसून राहिल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी मधोमध जाऊन परत आल्या, तिसऱ्या फेरीला पार गेल्या. त्यांना कोणी ओढलं नाही. कोणालाही ओढून नेऊ नये, भीती त्यानं घट्ट बसते.

तिसरी पायरी: कागद आणि पैसे

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ प्रत हवी. आधारच्या भरवशावर विमानतळावर जाऊ नका. नावाचं स्पेलिंग तिकिटावर आणि ओळखपत्रावर एकच आहे ना, हे तिकीट काढतानाच पाहा. आपल्याकडे माहेरचं-सासरचं नाव आणि मधलं नाव यांत हमखास गोंधळ असतो.

एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. शंभराच्या आणि त्याहून लहान नोटा जास्त न्या. मुक्तिनाथचा परिसर अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतो, तिथला परवाना वाटेतल्या पोखरा शहरात निघतो. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस निवडा. पावसाळ्यात दरडी कोसळतात, आणि धास्तावलेल्या माणसानं तो काळ मुद्दाम टाळावा.

प्रवास विमा काढाच. त्यात उंचीवरचा आजार आणि हेलिकॉप्टरनं खाली आणण्याचा खर्च धरला आहे का, हे स्वतः वाचून पाहा. "तिकडेच मला काही झालं तर?" हे म्हाताऱ्या माणसांच्या मनात असतंच, ते दाबून टाकू नका. एका कागदावर रक्तगट, चालू औषधं, घरचे दोन नंबर आणि विम्याचा क्रमांक लिहून गळ्यातल्या पाकिटात ठेवा. नेपाळात पोलिसांसाठी १००, रुग्णवाहिकेसाठी १०२ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११४४ हे क्रमांक आहेत. भारतीय दूतावास काठमांडूत लैनचौरला आहे. हे लिहून झालं की मन बरंच सैलावतं, माझं सैलावलं.

चौथी पायरी: डॉक्टर

निघण्याच्या महिनाभर आधी जा, आदल्या आठवड्यात नको. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. तिथे हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत दोन-तृतीयांशाच्या आसपासच मिळतो. हृदयविकार, दमा, रक्तदाब, साखर यांपैकी काही असेल तर स्पष्ट सांगा. उंचीसाठीची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका.

मनाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना मला काही वेगळं सांगायचं आहे. "आता देवाकडेच चाललो, गोळी कशाला," असं म्हणून बंद करू नका. अचानक बंद केलेल्या गोळीमुळे प्रवासातच त्रास उसळू शकतो. चिठ्ठीसह पुरेशा गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. आणि झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या उंचीवर घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांना नेमकं विचारा, कारण काही गोळ्यांनी झोपेत श्वास मंदावतो आणि तिथे हवा आधीच विरळ असते. गोळी घेणाऱ्याची श्रद्धा कमी असते असं मंडळात कोणी बोललं, तर मी तिथल्या तिथे थांबवते.

पाचवी पायरी: सोबत

तुमची भीती ज्याला माहीत आहे असा एक माणूस बरोबर हवाच. सगळ्या बसला सांगायची गरज नाही. त्या एकाशी खूण ठरवा. मी पदराचं टोक धरलं की माझी मैत्रीण बोलणं थांबवून माझ्याबरोबर जप सुरू करायची. "काही होत नाही, घाबरू नकोस" हे वाक्य तिनं म्हणायचं नाही, हेही ठरलेलं होतं. त्या वाक्यानं मला कधी बरं वाटलेलं नाही.

प्रवासी कंपनी निवडताना दोनच प्रश्न विचारा. परतीच्या वाटेत मोकळे दिवस किती, आणि एखाद्याला वर जायचं नसेल तर खाली थांबायची सोय काय. आम्हाला एकदा एकही मोकळा दिवस नसलेला कार्यक्रम मिळाला. जोमसोमहून विमानं उडाली नाहीत आणि सगळ्यांची पुढची तिकिटं वाया गेली. दोन दिवस जास्तीचे धरा.

सहावी पायरी: निघण्याचा दिवस

सकाळी नेम घरी करायचा नाही, विमानतळावर करायचा. म्हणजे घर सोडताना पुढे करायचं काहीतरी हातात उरतं. पोट रिकामं ठेवू नका, चार घास पोहे खा. चहा कमी घ्या, त्यानं धडधड वाढते. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट, सुंठ, आवळा सुपारी आणि थोडी शेव असू द्या. ओळखीची चव मोठी सोबत करते.

इंदूरहून थेट काठमांडू होत नाही, दिल्ली किंवा मुंबई करावी लागते. विमान बदलताना गोंधळायला होतं, म्हणून व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच मागा. चालता येत असलं तरी चालेल, कोणी हसत नाही. विमानात पंखाजवळची जागा सगळ्यात कमी हलते. दिल्लीहून जाताना डावीकडे हिमालय दिसतो. काठमांडूला उतरताना डोंगरांमुळे विमान थोडं हलतं, ते नेहमीचंच.

आणि तरीही झटका आला तर? तो येऊ शकतो, म्हणून त्याचा क्रम सांगते. छाती धडधडते, हातपाय बधिर होतात, आता जीव जाणार असं वाटतं. हे साधारण दहा मिनिटांत शिखराला पोहोचतं आणि मग उतरायला लागतं. उठून पळू नका. दोन्ही पावलं जमिनीला टेकवा. श्वास ओढायची घाई करू नका, बाहेर सोडायला वेळ घ्या. एका उच्छ्वासात एक मंत्र, एक मणी. मणी बोटांना नीट जाणवला पाहिजे, म्हणून मी तुळशीची माळ नेते, प्लास्टिकची नाही. "देवा, हे थांबव" असं मागू नका, कारण थांबलं नाही की मन आणखी बिथरतं. "देवा, मी इथे आहे, तू पण इथे आहेस" एवढंच. पाचव्या-सहाव्या मिनिटाला वाटेल की काही उपयोग होत नाहीये. तिथे सोडू नका, तेव्हा ते शिखराजवळ आलेलं असतं, पुढे उतरायलाच लागतं. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली, किंवा असा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, तर जप चालू ठेवून लगेच विमानातल्या माणसांना सांगा. ते तपासून घेण्याचंच दुखणं.

सातवी पायरी: काठमांडू, आणि बागमतीचा काठ

उतरल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. मग पाट्या वाचा. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात. दुकानाला 'पसल', दवाखान्याला 'अस्पताल', गरम पाण्याला 'तातो पानी', हळूहळू चाला याला 'बिस्तारै'. बिलावर २०८० च्या पुढचं साल दिसलं तर दचकू नका, तिथे विक्रम संवत चालतो. म्हाताऱ्या बाईला 'आमा' म्हणतात. पहिल्यांदा एका फुलवालीनं मला 'आमा, बिस्तारै' म्हटलं तेव्हा परक्या देशात आल्याची अर्धी भावना तिथेच गळून पडली.

पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात चामड्याची वस्तू आणि कॅमेरा नेता येत नाही. पट्टा-पाकीट हॉटेलवर ठेवून या, दारावरची धावपळ वाचते. गाभाऱ्याला चार दारं आहेत आणि लिंगाला चारही दिशांना मुखं, त्यामुळे कुठल्याही दाराशी गेलात तरी देव तोंड फिरवून बसलेला नसतो. पूजा करणारे भट्ट परंपरेनं दक्षिणेतले, कर्नाटकाकडचे असतात. तेही घरापासून लांबच.

मंदिराला लागून आर्यघाट आहे. तिथे चिता जळत असतात, उघड्यावर, तुमच्या डोळ्यांसमोर. हे आधी माहीत नसेल तर घाबरलेला माणूस तिथे कोसळतो. म्हणून आमच्या मंडळात मी हे ओट्यावरच सांगून ठेवते. जमणार नसेल तर त्या बाजूला जाऊच नका, दर्शन पूर्ण होतं. जमत असेल तर संध्याकाळी पलीकडच्या काठावरच्या पायऱ्यांवर बसा. मी बसले होते. एका काठावर आरती चालली होती, दुसऱ्या काठावर कोणाचा तरी मुलगा अग्नी देत होता, मधून बागमती वाहत होती, आणि मुलं खाली पाण्यात खेळत होती. ज्या गोष्टीची रात्रभर धास्ती घेतली होती ती समोर होती आणि कोणी किंचाळत नव्हतं. मी दोन माळा केल्या. नंतर त्या रात्री मला गाढ झोप लागली. प्रत्येकीला असंच होईल असं मी म्हणणार नाही. काहींना तीन दिवस तो वास विसरता आला नाही.

आठवी पायरी: वर चढताना शरीराचं ऐका

पोखऱ्याहून जोमसोमला छोटं विमान साधारण वीस मिनिटांत पोहोचवतं. ते फक्त सकाळी उडतं, कारण अकरानंतर कालीगंडकी नदीच्या खोऱ्यात वारा सुटतो. रस्त्यानं बेनी-तातोपानीवरून जायला पूर्ण दिवस लागतो, आणि वाट खडबडीत, दरीच्या कडेनं. तरी मी धास्तावलेल्यांना रस्ताच सुचवते. उंची हळूहळू वाढते, हवं तिथे थांबता येतं, आणि वाटेत तातोपानीला मुक्काम करून गरम झऱ्याच्या पाण्यात पाय शेकता येतात. पोखरा आठशे मीटरवर, तातोपानी बाराशेच्या जवळ, मार्फा आणि जोमसोम दोन हजार सातशेच्या आसपास. जोमसोम किंवा मार्फ्याला झोपा, मुक्तिनाथचं दर्शन घेऊन परत तिथेच खाली झोपायला या. दरीची भीती असेल तर गाडीत डोंगराच्या बाजूची खिडकी घ्या.

इथे एक फरक ओळखता आलाच पाहिजे. धास्तीची धडधड येते आणि अर्ध्या तासात ओसरते. उंचीचा त्रास येतो आणि चढत जातो: डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं. असं झालं तर आणखी वर जायचं नाही, विश्रांती घ्यायची, सोबतीला सांगायचं. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, बसल्या जागी धाप लागली किंवा खोकला थांबेना, तर त्याच क्षणी खाली उतरायचं, रात्र असली तरी. हे मी फार कळकळीनं लिहिते आहे. "इतक्या लांब आलो, देव सांभाळेल" असं म्हणत वर चढणारी माणसं मी पाहिली आहेत. देव सांभाळतो म्हणूनच अर्ध्या तासाच्या अंतरावर खाली जास्त हवा ठेवलेली आहे. अर्ध्या वाटेवरून हात जोडून परतलात तर तुमची यात्रा पोहोचली.

चढणीच्या दिवशी उपास करू नका, चतुर्थी असो की एकादशी. पाणी पीत राहा. दोन वाक्यं सलग बोलता येतील इतक्याच वेगानं चाला.

नववी पायरी: मुक्तिनाथ

राणीपौवा गावापर्यंत गाडी जाते. पुढे साधारण अर्ध्या तासाची चढण, घोडे मिळतात. देऊळ लहान आहे, खूप मोठं काही मनात धरून जाऊ नका. मागे अर्धवर्तुळात १०८ धारा, समोर दोन कुंडं. एकच मूर्ती आपण विष्णू म्हणून पुजतो आणि बौद्ध लोक अवलोकितेश्वर म्हणून. तिथली सेवा बौद्ध भिक्षुणी करतात. जवळच ज्वालामाईच्या देवळात जमिनीतल्या वायूची बारीकशी ज्योत जळते.

धारांचं पाणी बर्फासारखं असतं. तरुण माणसं पळत पळत सगळ्यांखालून जातात. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा नुसतं मन धजत नसेल, तर ओंजळीत घेऊन प्रोक्षण करा. प्रत्येक धारेला हात लावत, एकेक नाव घेत गेलात तर १०८ मण्यांची एक माळ पुरी होते. मी असंच केलं. सव्वा महिना बोटांत फिरवलेली माळ तिथे पाण्याची झाली होती. कितव्या धारेला रडू आलं ते आठवत नाही.

उतरताना कागबेनीला थांबा. तिथे कालीगंडकीच्या काठी पितरांसाठी पिंडदान करतात. आणि नदीच्या गोट्यांत शाळिग्राम सापडतात. विज्ञान सांगतं की ते समुद्रातल्या शंखवर्गी जीवांचे अश्म आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वी या डोंगरांच्या जागी समुद्र होता तेव्हाचे. आपल्या देवघरात ताम्हनात बसलेला, पणजीनं तुळस वाहिलेला तो काळा गुळगुळीत दगड याच नदीतून निघून, कोणाच्या तरी झोळीतून, पायी, आपल्या घरी पोहोचला. जाण्याच्या आदल्या रात्री पुन्हा धडधड झालीच, तर उठून त्याला हातात घेऊन बसा. तो इथवर आला आहे. तुम्ही त्याच्या माहेरी चालला आहात.

दहावी पायरी: परत आल्यावर

परतल्यानंतर आठवडाभर नेम सोडू नका. प्रवास संपल्यावर, सगळं सुखरूप झाल्यावरसुद्धा कधी कधी धास्ती वर येते. मला तिसऱ्या दिवशी राजवाड्याजवळ भाजी घेताना आली होती. मी भाजीवाल्याच्या पाटीशेजारी पायरीवर बसले, माळ काढली, आणि दहा मिनिटांनी उठून मेथी घेतली.

मावंदं घाला. मोठं नको, दहा पानं पुरेत, वरण-भात आणि गोडाचं एक. मुक्तिनाथाहून आणलेलं पाणी सगळ्यांना द्या. आणि ज्यांची बॅग अजून पलंगाखाली आहे अशी एक तरी बाई पंगतीला बोलवा. जेवण झाल्यावर तिला थांबवून घ्या, आणि दिनदर्शिकेचं जुनं पान आणि पेन तिच्या हातात द्या.